रात्रीची सायकल आणि परवडणारा दिवा: निपाणी ते बेळगाव

आपल्या सीमाभागात सायकलवाले दोन प्रकारचे. पहिले रविवारी पहाटे हेल्मेट घालून राकसकोप नाहीतर जांबोटीच्या रस्त्याला लागणारे हौशी. दुसरे पोटासाठी पायडल मारणारे. उद्यमबागेतली रात्रपाळी संपवून मच्छे, पिरनवाडी, मजगावकडे परतणारे कामगार, पहाटे किटल्या अडकवून शहरात येणारे दूधवाले, ऊसतोडीच्या दिवसांत शेतावरून उशिरा घरी निघालेली माणसे. पहिल्यांच्या सायकलीला दिवे असतात. दुसऱ्यांना त्यांची खरी गरज असते आणि नेमके त्यांच्याच सायकली अंधारात बिनदिव्याच्या धावतात. कारण विचारले तर उत्तर एकच, 'परवडत नाही ओ.' खरोखरच परवडत नाही का, हे मला एकदा पाहायचे होते.

निमित्तही चांगले मिळाले. मार्गशीर्षात निपाणीला मामांकडे सायकलने गेलो होतो आणि परत येताना दुपारच्या मुहूर्तावर बेळगावात एका लग्नाला पोचायचे होते. निपाणी ते बेळगाव अंतर सुमारे ७५ किलोमीटर. घरी जाऊन आंघोळ, कपडे वगैरे धरले तर पहाटे चारला निघणे भाग होते. म्हणजे उजाडेपर्यंत तीन तास अंधारातला प्रवास. म्हणून निपाणीला जाण्याआधीच बेळगावच्या बाजारात दिवे शोधत फिरलो.

सायकलीचे सामान शोधायला बेळगावसारखे गाव नाही असे मला वाटते, आणि त्याला इतिहासाचा आधार आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये नोकरी करीत असताना तिकडून सायकली बेळगावला पाठवीत आणि त्यांचे बंधू रामूअण्णा त्या इथे विकत. १८८८ सालचे हे सायकलचे दुकान म्हणजे किर्लोस्कर उद्योगाचा आरंभ. पुढे कडबा कापण्याची यंत्रे आली, लोखंडी नांगर आला आणि १९१० मध्ये त्यांनी औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसवली. बेळगावात मागे राहिले ते रस्त्याचे नाव, किर्लोस्कर रोड. आज तिथून जाणाऱ्या किती जणांना सायकलची आठवण होत असेल कोण जाणे.

त्या काळच्या सायकलीला रॉकेलचा दिवा असे. मग कार्बाइडचा आला. कॅल्शियम कार्बाइडवर थेंब थेंब पाणी पडले की ॲसिटिलीन वायू तयार होतो, तो पेटवायचा. उजेड लखख, पण वास आणि राखरांगोळी फार. आपल्या वडिलांच्या पिढीने वापरला तो डायनामो. टायरला घासून फिरणारी ती बाटली ६ व्होल्टची, जेमतेम ३ वॅट वीज देणारी. सायकल पळाली तर उजेड, थांबली की अंधार. त्या काळी बिनदिव्याची सायकल दिसली की पोलीस चाकाची हवा सोडून देत, ही गोष्ट घरोघरच्या आजोबांनी सांगितलेली आहे.

हे सगळे चित्र पालटले ते एलईडीमुळे. निळा एलईडी तयार करणाऱ्या इसामु अकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा यांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. निळ्यावरून पांढरा एलईडी करता आला आणि थोड्या विजेत भरपूर उजेड स्वस्तात मिळू लागला. निपाणीचा कामगार आज सायकलीला दिवा लावू शकतो, त्याच्यामागे या तिघांचे संशोधन आहे.

असो. शनिवार खुटाजवळच्या एका जुन्या दुकानात गेलो. काउंटरवर दिव्यांचा ढीग. कुणावर 'सुपर ब्राइट', कुणावर चारआकडी ल्युमेन. मी पुढचे मोठे दिवे न्याहाळू लागलो तसे दुकानातले म्हातारे मिस्त्री म्हणाले, "पुढचा दिवा तुमच्यासाठी ओ. मागचा लोकांसाठी. आदी मागचा घ्या, मग उरल्या पैशात पुढचा बगा."

हे वाक्य मी वहीत लिहून घ्यावे असेच होते. पुढे खड्डा असला तर आपण निदान हळू जातो. मागून येणाऱ्या ट्रकचे ब्रेक मात्र आपल्या हातात नसतात.

मागचा तांबडा दिवा बाजारात दीड-दोनशे रुपयांपासून मिळतो. त्याला फार ताकद लागत नाही. २०-३० ल्युमेन पुरतात, फक्त तो बाजूनेही दिसला पाहिजे. एक महाग दिवा घेण्यापेक्षा दोन स्वस्त घ्यावेत. एक बंद पडला तरी दुसरा असतो, आणि मागच्या दिव्याची गंमत अशी की तो विझला तरी चालवणाऱ्याला कळत नाही.

पुढच्या दिव्याच्या बाबतीत मात्र खोक्यावरच्या आकड्यांनी हुरळून जाऊ नये. ल्युमेन म्हणजे दिव्यातून निघणारा एकूण उजेड आणि लक्स म्हणजे रस्त्यावर प्रत्यक्ष पडणारा उजेड. आपल्या शेतकरी वाचकांना पटेल असे सांगायचे तर मोटारीने विहिरीतून किती पाणी उपसले ते ल्युमेन, आणि उसाच्या सरीत किती पोचले ते लक्स. पाट फुटका असेल तर मोठी मोटार काय कामाची? गोल झोताचा टॉर्च अर्धा उजेड झाडांवर आणि समोरच्याच्या डोळ्यांत फेकतो. जर्मनीत सायकलीच्या दिव्याचा झोत वरच्या बाजूला कापलेला असावा असा नियमच आहे. तसा दिवा इथे महाग पडतो. पण साधा दिवाही थोडा खाली झुकवून बांधला तर बरेच काम भागते. गावातल्या दिव्याखालच्या रस्त्यांवर आपण दिसण्यापुरता उजेड चालतो, अंधाऱ्या रस्त्याला २०० ते ४०० खरे ल्युमेन हवेत.

'खरे' हा शब्द मुद्दाम वापरला. एका खोक्यावर '६०० ल्युमेन, ५ तास' असे छापले होते. हिशेब करून पाहा. साधारण १ वॅटला १०० ल्युमेन धरले तर ६ वॅट झाले, पाच तासांचे ३० वॅट-तास. आत सेल एकच, '१८६५०' नावाचा, म्हणजे १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब. उत्तमातल्या उत्तम अशा सेलमध्येही १२-१३ वॅट-तासांहून जास्त वीज मावत नाही. या सेलची क्षमता साडेतीन हजार एमएएचच्या आसपास संपते. त्यावर ९९०० छापलेले दिसले तर खोके मुकाट्याने जागेवर ठेवावे. कमी आकडा लिहिणारा दिवा बहुधा जास्त प्रामाणिक असतो.

आणखी एक पाहायचे ते पाणी. बेळगावचा पाऊस सर्वांना ठाऊक आहे. खोक्यावर 'आयपीएक्स-४' असेल तर चहूबाजूंनी उडणारे पाणी तो सोसतो, 'आयपीएक्स-७' असेल तर मीटरभर पाण्यात अर्धा तास बुडूनही चालतो. चार्जिंगच्या भोकाचे रबरी झाकण घट्ट बसते ना, हे नखाने उघडून बघावे. शेवटी मी मागचे दोन छोटे दिवे आणि पुढचा एक मध्यम, यूएसबीवर चार्ज होणारा, असे घेतले. बिल हजाराच्या आत आले. मिस्त्रींनी वर चमकत्या पट्टीचा तुकडा दिला, "पायडलला लावा, पाय हलताना लांबून दिसतंय."

आता प्रवासाविषयी. पहाटे चारला मामींनी चहा दिला. मामा अंगणात उभे राहून म्हणाले, "घाट चढेपर्यंत सांभाळून जा रे. आमच्या तंबाखूवाल्यांनी ८१ साली हाच रस्ता अडवला होता, तेव्हा एवढी वाहनं नव्हती." शरद जोशींच्या नेतृत्वाखालचे १९८१ चे ते आंदोलन निपाणीकर अजून विसरलेले नाहीत.

निपाणी सोडली की तवंदी घाटाचा चढ लागतो. डाव्या कडेने ताशी आठ किलोमीटरने मी चढत होतो आणि मागून ट्रक येत होते. ताशी ५० ने येणारा ट्रक माझ्याजवळ सेकंदाला साधारण १२ मीटरने सरकतो. बिनदिव्याचा मी त्याला तीसेक मीटरवर दिसलो असतो तर त्याच्या हातात अडीच सेकंद उरले असते. तांबडा दिवा ३०० मीटरवरून दिसतो, म्हणजे पंचवीस सेकंद. मिस्त्रींचे म्हणणे त्या चढावर पुरते पटले, कारण जवळजवळ प्रत्येक ट्रक बराच आधी उजवीकडे सरकत होता. पुढचा दिवा मी कमी उजेडावर ठेवला होता. चढाला जास्त उजेड लागत नाही, तेवढी वीज उताराला वाचते.

स्तवनिधीचे जैन क्षेत्र मागे पडले, कणगला गेले आणि संकेश्वरच्या अलीकडे गार वारा सुटला. दिवस गळीत हंगामाचे. हिरण्यकेशी कारखान्याचा हा सगळा ऊसपट्टा. वेग ताशी २२ असेल, म्हणजे सेकंदाला सहा मीटर. माणसाला दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद, मग थांबायला सहा-सात मीटर. पंधरा-सोळा मीटर तरी पुढचे स्वच्छ दिसलेच पाहिजे. दिव्याच्या झोतात तीसेक मीटरवर काळी भिंत उभी राहिली. ब्रेक दाबून थांबलो. पाहतो तर उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या, चाक पंक्चर, मागे ना दिवा ना चमकती पट्टी. उसाची टोके रस्त्यावर हातभर आलेली. ड्रायव्हर कडेला उकिडवा बसला होता.

"लाइट होती ओ दादा. ऊस भरताना वायर तुटली. मालकाला फोन केलाय."

मी मागचा एक दिवा काढून मोळीच्या दोरीला बांधला, लुकलुकता करून ठेवला आणि ट्रॉलीमागे पन्नास पावलांवर दोन दगड आणि झाडाची फांदी ठेवायला त्याला मदत केली. तेवढ्यात एक एसटी आली, लांबूनच वेग कमी करून वळसा घालून गेली. ड्रायव्हर म्हणाला, "तुमचा दिवा परत कसा द्यायचा?" मी म्हटले, ट्रॉलीलाच असू दे, संपला की चार्जिंगला लाव. दोन दिवे घेतल्याचा हा असा उपयोग होईल असे मिस्त्रींनाही वाटले नसेल.

हत्तरगीला फटफटले. वंटमुरी घाट उजेडात ओलांडला, काकतीला नाष्टा केला आणि साडेनऊच्या सुमारास बेळगावात शिरलो. लग्नाच्या अक्षता चुकल्या नाहीत.

वाचकहो, हिशेब सरळ आहे. दोनशे रुपये असतील तर मागचा तांबडा दिवा. आणखी पन्नास असतील तर पायडलला, चाकाला आणि मडगार्डला चमकती पट्टी, तिला सेल लागत नाही आणि ती विझतही नाही. पाचशे जमले की पुढचा पांढरा. पुढे पांढरा, मागे तांबडा हा क्रम कधीही उलटा करू नये, त्यावरूनच वाहनचालक तुम्ही येताय की जाताय ते ओळखतो. एकच मागचा दिवा असेल तर रात्री तो स्थिर ठेवावा, नुसत्या लुकलुकत्या दिव्यावरून अंतराचा अंदाज नीट येत नाही. घरातला मोबाइल चार्जिंगला लावताना दिवाही लावायची सवय ठेवली की झाले.

आणि ज्यांच्या ट्रॉल्या, बैलगाड्या हंगामात रात्रीच्या रस्त्यावर असतात, त्यांनीही ऊस भरून झाल्यावर एकदा मागे जाऊन वायर पाहावी आणि हातभर तांबडी पट्टी चिकटवावी. तिची किंमत उसाच्या एका मोळीएवढीही नाही. तिच्या मागून रात्रपाळी संपवून कुणाचा तरी मुलगा सायकलवरून घरी येत असतो.