गच्चीवरची तार

"अरे, ही तार काढ, कपडे कुठे वाळत घालू?" शेजारच्या काकू कडाडल्या.

म्हटले, "काकू, हा माझा हॅम रेडिओचा एरियल!"

३०० ला मेगाहर्ट्‌झच्या आकड्याने भागले की लहरीची लांबी मीटरमध्ये निघते. ७ मेगाहर्ट्‌झची सुमारे ४३. आम्हां हौशी मंडळींचा हा ४० मीटर पट्टा. तार त्याच्या निम्मी, वीसेक मीटर. रात्री या लहरी वातावरणाच्या वरच्या थरावरून परतून दूरदेशी पोचतात. मात्र बोलायला सरकारी परीक्षा नि परवाना हवा.

"पण उपयोग काय?"

डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत अंदमानचे दळणवळण कोलमडले, तेव्हा पोर्ट ब्लेअरहून हौशी मंडळींनी खुशालीचे निरोप घरोघरी पोचविले, हे सांगितले.

काकू क्षणभर गप्प. मग म्हणाल्या, "राहू दे रे तार! माझी पातळे गॅलरीत वाळतील."