पत्रिकेआधी रक्त जुळवा

मैत्रिणींनो, लग्न ठरवताना आपण छत्तीस गुण पाहतो, नाडी पाहतो, मुलाचा पगारही आडून आडून विचारतो. रक्ताची तपासणी मात्र कुणी विचारत नाही. आमच्या नागपूरकडे तरी ती विचारायलाच हवी.

माझी भाची लग्नानंतर सारखी थकलेली असायची. जिना चढली की धाप. थंडीत तर "मावशी, हाडं फुटताहेत हो," म्हणून रडायची. सासरी सगळ्यांचं मत एकच, पोरगी कामचुकार! शेवटी रक्त तपासलं तेव्हा कळलं, सिकलसेल.

म्हणजे काय? आपण श्वास घेतो तेव्हा फुप्फुसातला ऑक्सिजन रक्तातल्या तांबड्या पेशी उचलतात. त्यांच्यातलं हिमोग्लोबिन तो धरून ठेवतं. दूधवाल्यानं घरोघरी रतीब घालावा, तशा या पेशी केसाहून बारीक वाहिन्यांत शिरून तो सगळ्या अवयवांना पोचवतात. निरोगी पेशी गोल, लवचिक. अरुंद बोळातूनही सहज निघते. सिकलसेलची पेशी ऑक्सिजन देऊन रिकामी झाली की विळ्यासारखी वाकडी, ताठर होते आणि बोळातच अडकते. पुढच्या घरांचा रतीब बुडतो. तीच ती हाडांची कळ. शिवाय निरोगी पेशी सुमारे १२० दिवस जगते, ही १०-२० दिवसांतच मोडते. मग अंगात रक्त राहणार कसं?

नागपूरच्या डॉक्टरांनी या भागातल्या सिकलसेलबद्दल १९५८ सालीच लिहून ठेवलंय. १ जुलै २०२३ पासून केंद्र सरकारची मोहीमही सुरू झाली आहे. तपासणी सरकारी दवाखान्यात होते.

आता नीट ऐका. आई-वडील दोघेही वाहक असले, तर प्रत्येक बाळंतपणात मूल आजारी निघण्याची शक्यता चारात एक. एकच वाहक आणि दुसऱ्याचं रक्त निर्दोष असेल, तर ही भीती नाही. वाहक माणूस सहसा ठणठणीत असतो, म्हणून तपासल्याशिवाय कळत नाही. तपासणी मुलीची तशी मुलाचीही करा. एकट्या मुलीला बोल लावू नका.

आमच्या जावयांचं रक्त निर्दोष निघालं, म्हणून नातू नुसता वाहक आहे. भाची डॉक्टरांच्या सल्ल्यानं गोळ्या घेते, उन्हाळ्यात पाणी भरपूर पिते, थंडीत अंग झाकून घेते. लोहाचं टॉनिक मात्र मनानं घेत नाही. तुम्हीही कुणाला देऊ नका.

आणि घरात एखादी सून सारखी "दमले" म्हणत असेल, तर तिला नावं ठेवण्याआधी तिचं रक्त तपासून आणा.