ग्लेझ पुसताना

जुन्या गाड्यांच्या गॅरेजात ग्लेझची बाटली उघडते ती अगदी शेवटी, वॅक्सच्या जरा आधी. डेंटिंग झालेलं असतं, गाडी धुऊन कोरडी केलेली असते. तरी बॉनेट उन्हात आलं की सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती बारीक गोल ओरखड्यांचं जाळं दिसतंच. रोज सकाळी कोरड्या फडक्याने धूळ झटकायची आपल्याकडची रीत त्याला मुख्यतः जबाबदार.

ग्लेझ हे ओरखडे काढत नाही, भरतं. त्यातली तेलं आणि बारीक भर खाचांत बसते, कडांवर प्रकाश विखरायचा कमी होतो आणि रंग ओला, गहिरा दिसू लागतो. कंपाउंडचं काम याच्या उलट. ते रंगाचा वरचा थर घासून खाली आणतं. आजच्या गाड्यांवरचा पारदर्शक क्लिअर कोट साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा, डोक्याच्या केसाहूनही पातळ. तो दर दिवाळीला घासला तर किती वर्षं पुरेल?

प्रीमियर पद्मिनी किंवा अँबेसेडरच्या मूळ साध्या रंगावर तर क्लिअर कोटचं कवचही नसायचं. तिथे लाल गाडी घासली की फडकं लाल होतं. अशा म्हाताऱ्या, कोरड्या पडलेल्या रंगाला तेलाचा हात मानवतो. अमेरिकेत १९०१ साली फर्निचरच्या पॉलिशपासून सुरुवात केलेल्या मेग्वायर्स कंपनीचं ‘मिरर ग्लेझ’ हे नाव याच कामाने मोठं झालं.

लावण्याचं काम सोपं दिसतं. सावली हवी, पत्रा हाताला गार लागायला हवा. काळं प्लॅस्टिक आणि रबर यांच्या कडेला मास्किंग टेप लावायची, नाहीतर वाळलेला पांढरा डाग निघता निघत नाही. फोमच्या पॅडवर दोन-तीन थेंब, एका वेळी अर्धं बॉनेट, आणि थर इतका पातळ की खालचा रंग दिसत राहावा. नवशिका हात सढळ सोडतो आणि तिथेच फसतो. जाड थराने चमक वाढत नाही, पुसणाऱ्याचे हाल मात्र वाढतात.

खरी कसोटी पुसताना. अनुभवी कारागीर आधी करंगळी फिरवून पाहतो. बोटाखाली स्वच्छ चकाकी उघडली तर वेळ झाली. तेल नुसतं फरफटलं तर थांबायचं. मुंबईच्या पावसाळ्यात हे थांबणं लांबतं. मग मायक्रोफायबरच्या फडक्याची चौघडी. उलटून-पालटून तिच्या आठ बाजू वापरता येतात आणि प्रत्येक बाजू तेलकट होताच बदलायची. हात हलका, फडक्याच्या वजनाहून थोडाच जास्त. तेलाचे पट्टे उठले तर जोर लावायचा नाही, दुसरं कोरडं फडकं घ्यायचं. जोराने नवे ओरखडे पडतात आणि सगळी मेहनत फुकट. जमिनीवर पडलेलं फडकं त्या दिवसापुरतं बाद, कारण वाळूचा एक कण पुरेसा असतो. नावाच्या क्रोमच्या अक्षरांमागे अडकलेलं ग्लेझ मऊ ब्रशने काढायचं. हे सगळं मशीनवर उरकता येतं, पण थर कुठे सुटला आणि कुठे अजून धरून आहे हे तळहाताला जसं कळतं तसं मशीनला कळत नाही.

हा थर टिकत नाही. वर कार्नोबा वॅक्सचा हात दिला तरी काही धुण्यांत तेल उतरतं आणि जाळं परत दिसू लागतं. सिरॅमिक कोटिंग करायचं असेल तर ग्लेझ आधी पूर्ण काढावं लागतं, कारण तेलकट पृष्ठभागावर कोटिंग धरत नाही. चांगला कारागीर हे गिऱ्हाइकाला पैसे घेण्याआधीच सांगतो. न सांगता लावलेलं ग्लेझ ही फसवणूकच.

म्हणून जुनी गाडी घेताना तिच्या चकाकीवर भाळू नका. विकणाऱ्याला विचारून बॉनेटचा तळहाताएवढा भाग पाणी मिसळलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने हलकेच पुसा, गाडी उन्हात घ्या आणि मगच भाव बोला.