राणी रंगाची भिंत

अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात, सॅन अँटोनियो शहरात सॅन पेद्रो आणि हिल्डब्रँड हे रस्ते जिथे एकमेकांना छेदतात, त्या कोपऱ्यावर डेअरी क्वीनचं एक बंद पडलेलं दुकान होतं. फेलिक्स स्टेलिंग या माणसाचा समोरच बार होता आणि गिऱ्हाइकांच्या गाड्या लावायला त्याला जागा हवी होती, म्हणून त्याने ते विकत घेतलं. मग नुसत्या गाड्या कशाला, इथे टाको विकू या, असं ठरलं आणि सप्टेंबर 1978 मध्ये ‘टाको कबाना’ सुरू झालं. त्या शहरात अजूनही सांगतात, की पहिल्याच रात्री अंगणातली टेबलं-खुर्च्या चोरीला गेली. रखवालदार ठेवायचा तर पगार द्यायला हवा. त्यापेक्षा रात्रभर दुकानच उघडं ठेवलं तर सामानही राहील आणि धंदाही होईल. असा हिशेब करून त्याने चोवीस तास चूल पेटती ठेवली.

त्या साली मी मिरजेत शाळेत जात होते. आमचं घर स्टेशनाजवळ. मिरज जंक्शनला तेव्हा तीन रुंदीचे रूळ येऊन मिळत. पुणे-कोल्हापूरचा ब्रॉडगेज, बेळगावकडचा मीटरगेज आणि पंढरपूर, कुर्डुवाडी, लातूरकडे जाणाऱ्या छोट्या गाडीचा नॅरोगेज. एका गाडीतून उतरून दुसरी धरायची म्हणजे माणसं रात्रीबेरात्री फलाटावर बसलेली असायची. वारकरी असायचे, दवाखान्यासाठी आलेले पेशंट आणि त्यांचे नातेवाईक असायचे. त्यांच्यासाठी चहावाल्याचा स्टोव्ह कधी बंद होत नसे. अंथरुणात पडल्यापडल्या मला कपबशांचा आवाज ऐकू यायचा. कुणीतरी जागं आहे एवढं कळलं की झोप लागायची.

लग्न होऊन सॅन अँटोनियोला आले ती 1988 च्या उन्हाळ्यात. नवरा संशोधन करत होता आणि त्याच्या प्रयोगांना रात्र-दिवस सारखाच. तो प्रयोगशाळेत असायचा आणि मी दोन खोल्यांच्या घरात. नऊ वाजता रस्ता रिकामा व्हायचा. तिथली शांतता मला सोसायची नाही. खिडकीतून गाड्यांचे लाल दिवे लांब जाताना दिसायचे आणि कुणाच्याही चालण्याचा आवाज यायचा नाही. त्या शहराबद्दल माझ्या मनात पहिली जवळीक निर्माण झाली ती एका मध्यरात्री, घरी परतताना नवऱ्याने गाडी टाको कबानात वळवली तेव्हा.

ती इमारत ज्याने पाहिली नाही त्याला सांगायला हवं. राणी रंगाच्या भिंती, वरची कड पायऱ्यापायऱ्यांची, तिच्यावरून धावणाऱ्या निऑनच्या रेघा. आत भित्तिचित्रं, रंगीबेरंगी छत्र्या, आणि बाजूला अंगण. हे अंगण अर्धं छपराखाली आणि अर्धं आभाळाखाली. मधे गॅरेजला असतात तशी वर सरकणारी दारं. थंडी-पाऊस असला तर ती खाली ओढायची, एरवी वर. टेक्सासच्या उन्हाळ्यात रात्री बारालासुद्धा हवा कोमट असते. त्या कोमट हवेत लोक निवांत बसलेले असायचे. कामावरून सुटलेल्या नर्सा असायच्या, लष्करी तळांवरचे पोरसवदा सैनिक असायचे, एखादं कुटुंब झोपलेलं मूल खांद्यावर घेऊन आलेलं असायचं. कडेला साल्साचं टेबल: तिखट साल्सा, त्याहून तिखट साल्सा, चिरलेला कांदा-टोमॅटो-मिरचीचा पिको दे गायो, कोथिंबीर, लिंबाच्या फोडी. हवं तितकं घ्या. परदेशात आल्यापासून कोथिंबीर आणि लिंबू पुढ्यात इतकं मोकळेपणी ठेवलेलं मी पहिल्यांदाच पाहत होते.

मी मांस खात नव्हते, अंडं खायची. बटाटा आणि अंडं घातलेला टाको, मैद्याच्या गरम टॉर्टियात, म्हणजे तिथल्या पोळीत, गुंडाळलेला, हे तेव्हापासून माझं जेवण झालं. गल्ल्यावर एक वयस्क मेक्सिकन बाई असायच्या. मला त्या ‘मिहा’ म्हणायच्या, म्हणजे लेकी. त्या शहरात मोठ्या बायका कुणालाही तसंच म्हणतात, हे पुढे समजलं. तरी त्या बाई ज्या सुरात ते म्हणायच्या, त्याने त्या पहिल्या वर्षात मला खूप आधार दिला.

आणि जिरं! तव्यावर परतलेल्या कांद्याबरोबर जिऱ्याचा वास आला की मी चमकून बघायची. टेक्स-मेक्स, म्हणजे टेक्सासमधल्या मेक्सिकन वळणाच्या स्वयंपाकात जिरं भरपूर असतं, मेक्सिकोतल्या बहुतेक भागांतल्या स्वयंपाकापेक्षा कितीतरी जास्त. त्याचं श्रेय अनेक जण कॅनरी बेटांवरून आलेल्या लोकांना देतात. स्पेनच्या राजाने ही सोळा कुटुंबं 1731 साली इथे वसवली आणि त्यांच्या येण्याने सॅन अँटोनियो हे रीतसर गाव झालं. त्यांच्या जेवणात उत्तर आफ्रिकेकडचं जिरं होतं, ते इथल्या मिरचीला मिळालं. मिरची तर मेक्सिकोकडचीच. तीच पोर्तुगिजांच्या जहाजांतून गोव्याला पोचली आणि तिथून आमच्या मिरजेच्या ठेच्यापर्यंत. ही सगळी ये-जा मी पुढे वाचनातून जोडली. तेव्हा फक्त वास ओळखीचा होता.

त्या शहराला रात्री उघड्यावर जेवायची सवय फार जुनी. एकोणिसाव्या शतकात तिथल्या चौकांमध्ये संध्याकाळ झाली की बायका चुली पेटवायच्या, कंदील लावायच्या, आणि मांस-मिरचीचा रस्सा, बीन्स, तमाले विकायच्या. ‘चिली क्वीन्स’ असं त्यांचं नाव पडलं. गाडीवान, सैनिक, प्रवासी, सगळे त्या लांब टेबलांवर शेजारी-शेजारी बसायचे. शेवटी आरोग्य खात्याच्या नियमांपुढे त्यांचा टिकाव लागला नाही आणि 1940 च्या आसपास त्या चौकांतून दिसेनाशा झाल्या. जुन्या छायाचित्रांत मी त्यांना पाहिलं आहे. टाको कबानाचं अंगण त्यांच्याच घराण्यातलं आहे असं माझं मत आहे, भले ते अंगण एका बारमालकाने पार्किंगच्या जागेत काढलेलं असो. रात्री भुकेल्या माणसाला आकाशाखाली गरम काहीतरी वाढायचं, हे काम तेच आहे.

1991 मध्ये नवऱ्याला ह्यूस्टनला नोकरी लागली. सामान खोक्यांतून निघायच्या आत आम्ही जेवायला बाहेर पडलो तर समोर तीच इमारत. पायऱ्यांची कड, निऑन, अंगण, वर जाणारी दारं. पाटीवर मात्र नाव ‘टू पेसोज’. आत गेलो, जेवलो. नव्या शहरातली पहिली रात्र परकी वाटली नाही.

या दोघांचं भांडण किती मोठं होतं ते आम्हांला वर्तमानपत्रांतून कळलं. टू पेसोजने डिसेंबर 1985 मध्ये ह्यूस्टनमध्ये दुकान काढलं, ते टाको कबाना सॅन अँटोनियोबाहेर पडायच्या आधी. मग टाको कबाना ह्यूस्टनला आलं आणि 1987 मध्ये त्याने खटला भरला: आमच्या जागेचं रूपच यांनी उचललं आहे. जूरीने टाको कबानाच्या बाजूने कौल दिला आणि प्रकरण थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं. प्रश्न असा होता, की दुकानाचं एकूण रूप मुळातच वेगळं असेल, तर ते रूप पाहताच लोकांना तेच दुकान आठवतं हे वेगळं सिद्ध करावं लागेल का? जून 1992 मध्ये न्यायालयाने एकमताने सांगितलं, नाही, गरज नाही. निकालपत्र न्यायमूर्ती बायरन व्हाइट यांनी लिहिलं. अमेरिकेतले कायद्याचे विद्यार्थी आजही हा खटला अभ्यासतात. पुढच्याच वर्षी टाको कबानाने टू पेसोज विकत घेतलं.

तो निकाल मी अनेकदा मनात घोळवला आहे. त्या रंगावरून आणि अंगणावरून मला काय आठवतं याचा पुरावा कुणी मागितला असता, तर मी आनंदाने साक्षीला उभी राहिले असते. प्रयोगशाळेच्या रात्री, गल्ल्यावरच्या बाई, सगळं सांगितलं असतं. आणि टू पेसोजमधली ती पहिली रात्रही सांगितली असती, जरी ती त्या खटल्यात दुसऱ्या बाजूच्या कामाची ठरली असती. ते रूप त्यांचं नव्हतं हे मला मान्य आहे. पण खोकी न उघडलेल्या घरी परतताना माझा जीव तिथे निवला होता, ही गोष्ट कुठल्याही निकालाने बदलत नाही.

ह्यूस्टनमधली वर्षं भराभर गेली. मुलगा झाला, तो टाको कबानाच्या अंगणातल्या खुर्च्यांना धरून उभा राहायला शिकला. मराठी मंडळींच्या नाटकाच्या तालमी रात्री अकराला संपायच्या. एवढ्या उशिरा सगळ्यांना एकत्र बसता येईल अशी जागा तीच. शाकाहारी, मांसाहारी, चतुर्थीवाले, सगळ्यांचं तिथे भागायचं. नाटकाचा तिसरा अंक सुधारायचं काम तर आम्ही तिथेच करायचो.

1990 च्या दशकात आई आली. बाबा गेल्यानंतरचा तिचा तो पहिलाच प्रवास. संग्रहालयं दाखवली, अंतराळ केंद्र दाखवलं. ती कौतुकाने बघायची आणि लवकर थकायची. टाको कबानात मात्र टॉर्टिया करायच्या यंत्रापुढे ती जी उभी राहिली, ती हलेना. कणकेचे एकसारखे गोळे एका बाजूने जात होते, दाबले जाऊन पातळ होत होते आणि तापलेल्या पत्र्यावरून पुढे सरकताना जागोजागी फुगत होते. एकत्र कुटुंबात आलेली सून ती. दीर, नणंदा, पाहुणे, शिवाय वारीच्या दिवसांत स्टेशनावरून येणारे ओळखीचे-अनोळखीचे. तिच्या उजव्या हाताच्या बोटांवर चटक्यांचे डाग कायमचे होते. ते यंत्र बघत ती म्हणाली, “अगं, कुणाचाच हात भाजत नाही.”

मी तिला टेबलाशी नेऊ पाहिलं. “थांब जरा,” म्हणाली. एक टॉर्टिया कडेने जास्त भाजली तर ती चुकचुकली, एक छान टम्म फुगली तर तिने माझ्याकडे वळून बघितलं. काउंटरपलीकडच्या मुलीला हे समजलं असावं. तिने कागदात एक गरम टॉर्टिया गुंडाळून आईच्या हातात ठेवली आणि पैसे घेतले नाहीत. आईने ती तशीच, काही न लावता, उभ्याने खाल्ली. आयुष्यभर तव्यावरची पहिली पोळी तिने दुसऱ्यांच्या ताटात वाढली होती. त्यानंतर ती होती तोवर दर आठवड्याला आम्ही तिथे गेलो. ती यंत्राजवळचं टेबल धरायची.

मुलगा आता ऑस्टिनला असतो. त्याच्या पिढीला खरं मेक्सिकन आणि टेक्स-मेक्स यांतला फरक चांगला ठाऊक आहे. हा फरक अमेरिकेत ठसवला तो प्रामुख्याने डायना केनेडी या ब्रिटिश लेखिकेने, तिच्या 1972 च्या पुस्तकाने. मेक्सिकोतल्या प्रांताप्रांतांचा स्वयंपाक तिने मोठ्या निष्ठेने टिपला आणि पिवळ्या चीजने माखलेल्या थाळ्यांना त्यातून बाहेर ठेवलं. मुलगा आम्हांला अशा ठिकाणी नेतो जिथे मका चुन्याच्या पाण्यात शिजवून, दळून, हातावर टॉर्टिया करतात. त्या अप्रतिम असतात, मी त्या मनापासून खाते. पण ‘आई, कबाना म्हणजे खरं जेवण नाही गं’ असं तो म्हणतो तेव्हा मी त्याला थांबवते. टेक्सासमधले मेक्सिकन लोक सीमारेषा बदलली तेव्हा तिथेच होते. हाताशी जे मिळालं, गव्हाचं पीठ, गोमांस, पुढे कारखान्यातलं चीज, त्यातून त्यांनी आपली चूल चालवली. त्यांच्या नातवंडांना आजीच्या हातची म्हणून तीच चव आठवते. ती खरी नाही असं त्यांना कुणी सांगायचं?

नवरा निवृत्त झाल्यावर आम्ही पुण्याला आलो. चित्रा राजमा टेक्सासच्या पिंटो बीन्सच्या बराच जवळ जातो. तो मऊ शिजवून, लसूण आणि जिऱ्यावर परतून, ठेचून मी बीन्स करते. मैद्याच्या टॉर्टिया लाटते. पूर्वी तिकडे जिऱ्याच्या वासाने मिरज आठवायचं, आता इथे फोडणी पडली की राणी रंगाची भिंत दिसते.

तिकडच्या बातम्यांवर मी लक्ष ठेवते. टाको कबाना कंपनी 2000 साली एका मोठ्या उद्योगाकडे गेली, आणि 2021 मध्ये साडेआठ कोटी डॉलरला अनिल यादव या भारतीय वंशाच्या उद्योजकाच्या कंपनीने घेतली. यादवांचं नाव वाचलं तेव्हा मला फार बरं वाटलं. महासाथीनंतर टेक्सासमधल्या कितीतरी खाण्याच्या जागांनी रात्रीचे तास कमी केले. माणसं मिळत नाहीत, गिऱ्हाइकं घरी मागवतात, कारणं समजण्यासारखी आहेत. तरी रात्रपाळीच्या नर्सा आणि नवीन आलेल्या मुली दोन वाजता कुठे जात असतील, हा विचार मला सोडत नाही.

येत्या एप्रिलमध्ये आम्ही जाणार आहोत. सॅन अँटोनियोत तेव्हा फिएस्टा असतो, 1891 पासून चालत आलेला. फुलांनी सजवलेल्या रथांची मिरवणूक निघते आणि रंगीत कागदाचे कपटे भरलेली अंड्यांची कवचं लोक एकमेकांच्या डोक्यावर फोडतात. आठ वर्षांच्या नातीला ते कळल्यापासून ती घरातली अंडी वरून बारीक भोक पाडूनच फोडू देते. मुलाने नदीकाठचं हॉटेल घेतलं आहे आणि जेवणाच्या जागांची यादी केली आहे. पहिल्या रात्रीची ओळ मी त्याला रिकामी ठेवायला सांगितली आहे. त्या रात्री सॅन पेद्रो रस्त्यावर मी त्यांना घेऊन जाणार, आणि बटाटा-अंड्याचे टाको माझ्याकडून.