मुलांना सांगा डॉर्सेटची गोष्ट

भूगोल म्हटला की मुलं नाक मुरडतात, कारण त्यांच्या वाट्याला येतात ती नुसती नावं. तीच माहिती गोष्टीतून सांगा, बघा कशी कान टवकारून ऐकतात! आज अशीच गोष्ट इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या डॉर्सेट परगण्याची.

आधी नकाशा उघडा. इंग्लंडच्या खालच्या कडेवरून मुलाचं बोट डावीकडे सरकवत न्या. खालची निळी पट्टी म्हणजे इंग्लिश खाडी, पलीकडे फ्रान्स.

इथली चेसिलची पुळण सुमारे २९ किलोमीटर लांब. गंमत म्हणजे ती वाळूची नाही, गोट्यांची. पश्चिम टोकाला गोटे वाटाण्याएवढे, तर पूर्वेला पोर्टलंडपाशी चांगले बटाट्याएवढे! लाटाच ते निवडून लावतात. अंधारात होडी किनाऱ्याला लागली तर जुने कोळी गोटा हातात घेऊन जागा ओळखत, असं सांगतात. घरी वाटाणा, सुपारी, लिंबू, बटाटा मुलांना ओळीनं मांडायला द्या. पुळण लगेच ध्यानात येईल.

पुढे डर्डल डोअर. समुद्रानं चुनखडीचा खडक पोखरून केलेली ही प्रचंड कमान. पोर्टलंडचा दगड तर थेट लंडनला पोचला. १६६६ च्या आगीनंतर बांधलेल्या सेंट पॉल कॅथीड्रलला तोच वापरला आहे.

इतिहासात राजेच असतात असं थोडंच आहे? १६४३ मध्ये कॉर्फचा किल्ला लेडी मेरी बँक्स या बाईनं मूठभर माणसांनिशी लढवला. पुढे १६४६ मध्ये फितुरीनं तो पडला आणि सुरुंग लावून उद्ध्वस्त केला गेला. त्याचे भग्न बुरूज आजही टेकडीवर उभे आहेत.

आता खरी गोष्ट, लाइम रीजिस गावच्या मेरी ॲनिंगची. जन्म १७९९ चा. वडील सुतार, ते १८१० मध्ये वारले. घरात कर्ज. दरडीत सापडणारे जीवाश्म विकून पोट भरायचं. जीवाश्म म्हणजे काय, हे समजवायला कणकेच्या गोळ्यावर शिंपला दाबून उचला. ठसा राहतो ना? तसंच काहीसं, पण दगडात आणि कोट्यवधी वर्षं टिकलेलं.

१८११ मध्ये भावाला एक मोठी कवटी सापडली. पुढच्या वर्षी मेरीनं उरलेला सांगाडा शोधला. तो होता इक्थिओसॉर, प्राचीन समुद्री सरपटणारा प्राणी. १८२३ मध्ये तिला लांब मानेचा प्लेसिओसॉर मिळाला. मोठमोठे विद्वान तिच्याकडे येत, तिच्या वस्तूंवर निबंध लिहीत, पण तिचं नाव बहुधा गाळत. लंडनच्या भूगर्भशास्त्र संस्थेत बायकांना सभासद होता येत नसे. ते दार उघडलं १९१९ मध्ये. मेरी १८४७ मध्येच गेली होती.

इथं मुलगी विचारील, “तिचं नाव का नाही लिहिलं?” उत्तर टाळू नका. ती गरीब होती आणि बाई होती म्हणून, असं सरळ सांगा. आणि हेही सांगा, की एका शाळकरी मुलीनं आईच्या मदतीनं धरलेल्या हट्टामुळे २०२२ मध्ये लाइम रीजिसला मेरीचा पुतळा उभा राहिला.

विलायतेत राहणाऱ्या मैत्रिणींनी मुलांना तिथं जरूर न्यावं. ओहोटीची वेळ आधी बघावी, दरडी कोसळतात म्हणून कड्याखाली थांबू नये. जीवाश्म पुळणीवर सुटे पडलेले शोधावेत, कड्याला हातोडी लावू नये.