दुर्बीण एक, डोळे अनेक

नाशिकला देवदर्शनाला आपण सगळ्याच जातो. पंचवटी झाली, त्र्यंबकेश्वर झालं, की परतीची घाई. पण मैत्रिणींनो, हिवाळ्यातली एखादी सकाळ हाताशी असेल, तर निफाड तालुक्यातलं नांदूर मध्यमेश्वर चुकवू नका. नाशिकपासून साधारण ४० किलोमीटर.

गोदावरी आणि कादवा या नद्यांच्या संगमाजवळ इंग्रजांच्या काळात इथं बंधारा बांधला गेला. वर्षानुवर्षं गाळ साचत गेला, पाणी उथळ झालं, बेटं तयार झाली, पाणवनस्पती माजल्या. पक्ष्यांना आणखी काय हवं? १९८६ साली हे अभयारण्य झालं, आणि २०२० साली महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ म्हणून जाहीर झालं. थंडीत उत्तरेकडून थापट्या, तलवार बदक, चक्रवाक असे पाहुणे इथं उतरतात.

अडचण एकच. पक्षी पाण्याच्या मध्यावर आणि आपण काठावर. नुसत्या डोळ्यांना ठिपके दिसतात. गळ्यातल्या दुर्बिणीतून आठ-दहा पट मोठं दिसतं. पण तीन पायांच्या स्टँडवर ठेवलेल्या स्पॉटिंग स्कोपमधून वीस ते साठ पट! पिसांवरच्या रेघासुद्धा मोजाव्यात. मात्र स्कोप असतो एक आणि बघणारे पंधरा.

आम्ही गेलो तेव्हा गाईडनं स्कोपमध्ये चक्रवाकाची जोडी लावून दिली. पुरुषमंडळी आणि मुलं पुढे सरसावली. एका गृहस्थांनी तर भिंगाला मोबाईल लावून फोटोंचा सपाटाच चालवला. बायका मागे, हातात स्वेटर नि पाण्याच्या बाटल्या घेऊन. ‘आधी तुम्ही बघा, आम्हाला काय कळतंय त्यातलं!’ माझ्या सासूबाईही त्यांतच. रात्री ताटातूट होणाऱ्या चक्रवाकांची गोष्ट त्यांनी लहानपणापासून ऐकलेली. पक्षी मात्र कधी पाहिलेला नाही. त्यांची पाळी आली आणि वरून एक शिकारी पक्षी घिरट्या घालत आला. जोडी भुर्रकन उडाली.

गाईड शहाणा होता. जोडी पलीकडच्या काठावर उतरलेली शोधून त्यानं स्कोप पुन्हा लावला आणि म्हणाला, ‘आता आजी पहिल्या. मग प्रत्येकानं दहा आकडे मोजेपर्यंत बघायचं. सगळ्यांची एक फेरी झाल्यावर दुसरी.’ सासूबाई वाकल्या नि म्हणाल्या, ‘अगंबाई, अगदी केशरी की गं!’

पंगतीत पहिला वाढा सगळ्यांच्या पानात पडल्याशिवाय आपण कुणाला दुसऱ्यांदा वाढत नाही. इथंही तोच नियम. फोटो हवेत ना? ते दुसऱ्या फेरीनंतर. पक्षी काही आपल्यासाठी थांबत नाही.

आणखी काही गोष्टी लक्षात ठेवा. स्कोप दुसऱ्याचा असेल तर विचारून बघावं. स्टँड किंवा नळी हातानं धरू नये. फक्त डोळा भिंगाजवळ न्यावा. जरासा धक्का लागला तरी पक्षी चौकटीबाहेर जातो. तसं झालं तर आपण खटपट करू नये, ज्याचा स्कोप त्याला सांगावं. अंधूक दिसलं तर कुठली कडी फिरवायची ते विचारून घ्यावं. चष्मा असेल तर भिंगाभोवतालची कडा खाली करून घ्यावी, चष्म्यासकट छान दिसतं. स्कोपची उंची ठेंगण्या माणसाच्या बेतानं ठेवावी. उंचांना वाकता येतं, ठेंगण्यांना उंच होता येत नाही!

आपल्या बाजूनं पदर किंवा ओढणी खोचून घ्यावी, नाहीतर स्टँड आडवा व्हायचा. डोळ्यांतलं ओलं काजळ भिंगाला लागतं, तेव्हा त्या दिवशी काजळ नको. मुलांचे चिवड्याचे हात आधी पुसावेत. आणि डाग दिसला तरी पदरानं भिंग पुसायला जाऊ नका, बरं का! धुळीच्या कणानं कायमचा चरा पडतो. सूर्याकडे तर स्कोप कुणालाही वळवू देऊ नका, डोळा जाईल.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे दिवस उत्तम. सकाळी लवकर पोचा. ऊन चढलं की तापलेली हवा थरथरते आणि स्कोपमधलं चित्रही थरथरतं. पोहे-थर्मास जरूर न्या, पण रांगेत उभं राहताना हातातलं सामान यजमानांकडे द्या. आणि पाळी आली की ‘तुम्हीच बघा’ म्हणू नका.