पंक्चरनंतरचे ऐंशी किलोमीटर

रनफ्लॅट टायर झिजले की गाडीमालकाचा पहिला प्रश्न असतो, 'आता कुठल्या कंपनीचे टाकू?' टायरच्या कामात हात काळे करणाऱ्या माझ्यासारख्याला त्याआधीचा प्रश्न महत्त्वाचा वाटतो. गाडी पंक्चर झालीच, तर तिथून पुढे ऐंशी किलोमीटरच्या आत तिचा टायर उतरवणार कोण? रनफ्लॅटची साइडवॉल जाड आणि ताठ असते. हवा पूर्ण गेली तरी ती गाडीचं वजन पेलते, आणि वेग ताशी 80 च्या आत ठेवला तर साधारण 80 किलोमीटर गाडी चालू देते. म्हणजे हा टायर पंक्चर टाळत नाही, पुढे ढकलतो. पुढे ढकललेलं काम शेवटी कुणाच्या दारात जाऊन पडतं, यावर त्याचे पैसे वसूल होतात की नाही ते ठरतं. देवळाली कॅम्पात राहून गाडी चालवणाऱ्या बहुतेकांचे ते वसूल होत नाहीत, असं माझं मत आहे. यात पैशापेक्षा मोठा वाटा रस्त्यांचा आहे.

हवा गेलेल्या चाकावर चालत राहण्यामागचा विचार लष्करी वाहनांत सगळ्यात स्वच्छ दिसतो. गोळीबाराच्या टप्प्यात थांबणं हे फाटक्या टायरवर पळण्यापेक्षा घातक, म्हणून चिलखती गाड्यांच्या चाकात रिमभोवती आतून टणक कडं बसवतात. कॅम्पातल्या माणसाला लष्करी गाड्यांचं अप्रूप नाही. तोफखान्याचं स्कूल इथेच आहे. 9 नोव्हेंबर 2018 रोजी के-9 वज्र आणि एम-777 या तोफा आणि तोफ ओढणारं नवं वाहन देवळालीतच सैन्यात दाखल झालं. पण सैन्य केवळ चाकावर भिस्त ठेवत नाही. बंद पडलेली वाहनं ओढून आणणं आणि दुरुस्त करणं यासाठी ईएमई ही स्वतंत्र कोअरच आहे. चाक गाडीला धोक्याच्या जागेतून बाहेर काढतं, पुढचं माणसं बघतात. आपण शोरूममधून रनफ्लॅटवाली गाडी घेतो तेव्हा यातला पहिला भाग विकत मिळतो. दुसरा आपला आपल्यालाच उभा करावा लागतो, आणि हे विक्रीच्या वेळी कुणी सांगत नाही.

आता आपल्या भागाकडे बघू. लॅम रोड, भगूर, नाशिकरोड या पट्ट्यात पंक्चरवाला शोधावा लागत नाही. साध्या ट्यूबलेसमध्ये खिळा घुसला तर तो साबणाच्या पाण्याने भोक शोधतो, खिळा उपसतो, सुईने स्ट्रिप ठोसतो, उरलेलं टोक कापतो आणि हवा मारून देतो; चाक खोलावंही लागत नाही. रनफ्लॅटचं तसं नाही. तो किती अंतर बिनहवेचा चालला हे आतून पाहिल्याशिवाय त्याला हात लावू नये, आणि आतून पाहायचं तर रिमवरून उतरवावा लागतो. त्याची बीड इतकी ताठ असते की मदतीचा आर्म असलेलं मशीन नसेल तर पहारीने बीड फाटते, नाहीतर अलॉयला ओरखडे पडतात. टायर उतरला की निकाल समोर दिसतो. आतल्या बाजूला कडेने सुरकुत्यांचं वर्तुळ पडलेलं असलं आणि रिममधून रबराचा काळा भुगा निघाला, तर साइडवॉल आतून भाजून निघाली आहे. भोक कितीही लहान असो, तो टायर गेला. काही कंपन्या रनफ्लॅटची दुरुस्ती मुळात मान्यच करत नाहीत. मग त्याच मापाचा नवा टायर हवा, आणि तो जवळच्या दुकानात मिळेलच असं नाही. टायरने आपला शब्द पाळलेला असतो, तरी गाडी अडकते.

यावर सगळ्यात वजनदार आक्षेप समृद्धी महामार्गाचा आहे. भगूर-पांढुर्लीमार्गे सिन्नर-घोटी रस्त्याला लागून भरवीरला वर चढलं की 701 किलोमीटरच्या या मार्गाचा कोणताही टप्पा गाठता येतो. 5 जून 2025 पासून तो मुंबईच्या बाजूला आमण्यापर्यंत सलग खुला आहे. मोटारींना ताशी 120 ची मर्यादा, दोन्ही बाजूंना कुंपण, आणि गावच्या नाक्यावर भेटणारा पंक्चरवाला इथे नाही. अशा ठिकाणी रात्री कडेला चाक बदलत बसणं धोक्याचं, हे मला पूर्ण मान्य आहे. अचानक हवा गेली तर रनफ्लॅट गाडी ताब्यात ठेवायला मदत करतो, हेही खरं. पण टायर फुटण्याच्या कितीतरी घटनांची सुरुवात घरीच झालेली असते: कमी हवा, जादा वजन, जुनं रबर. कमी हवेचा टायर प्रत्येक फेऱ्यात जास्त वाकतो, वाकला की तापतो, आणि सलग वेगात त्या उष्णतेला निवायला वेळ मिळत नाही. 2023 मध्ये परिवहन विभागाने समृद्धीवर टायरांची तपासणी सुरू केली ती याच कारणाने. शिवाय रनफ्लॅटची एक खोड आहे. हवा गेलेला रनफ्लॅट बाहेरून जवळजवळ भरलेलाच दिसतो. डॅशबोर्डवरच्या दिव्याकडे दुर्लक्ष केलं तर ऐंशी किलोमीटर कधी सुरू झाले आणि कधी संपले, हे कळतच नाही. इथेही शेवटी चालकाचं लक्षच कामाला येतं.

दुसरा आक्षेप कंपनीचा आणि कायद्याचा. गाडी रनफ्लॅट धरून बनवली आहे, मग साधे टायर कसे चालतील? माप, लोड इंडेक्स आणि स्पीड रेटिंग कंपनीने सांगितल्याप्रमाणे ठेवून चारही टायर एकदम बदलले तर चालतात. खड्ड्यात गाडी उलट मऊ बसते. एका अॅक्सलवर एक रनफ्लॅट आणि एक साधा, असं मात्र कधीही करू नये. प्रेशर सेन्सर चालू ठेवावेत आणि वॉरंटी-विम्याबद्दल आधी लेखी विचारून घ्यावं. कायद्याचं म्हणाल, तर 2020 च्या दुरुस्तीने ट्यूबलेस टायर, प्रेशर दाखवणारी यंत्रणा आणि दुरुस्तीचं किट असलेल्या मोटारींना स्टेपनीतून सूट दिली आहे. पण सूट म्हणजे सल्ला नव्हे. किटमधलं सीलंट ट्रेडमधल्या लहान भोकापुरतं. खड्ड्याच्या धारेने साइडवॉल चिरली तर त्याचा काही उपयोग नाही. मोटारीच्या पहिल्या काळात गाड्यांसोबत जादा चाक येत नसे. वेल्समधल्या लानेली गावातल्या डेव्हिस बंधूंनी 1904 च्या सुमारास स्टेपनी विकायला काढली ती ही अडचण ओळखूनच. गाडीतून स्टेपनी गेली, खड्डे काही गेले नाहीत.

म्हणून रनफ्लॅट सोडताना वाचलेले पैसे खिशात टाकायचे नाहीत, तयारीत घालायचे. रनफ्लॅटवर आलेल्या गाडीत बहुधा जॅक आणि पान्हाही नसतो, कारण बदलायला चाकच दिलेलं नसतं. जॅक आपल्या गाडीच्या सिलला बसणारा घ्यावा. बऱ्याच युरोपीय गाड्यांत हबला स्टड नसतात, बोल्ट बाहेरून आत जातात. त्यामुळे जड चाक एका हाताने पेलून भोकं जुळवावी लागतात. एक गाइड पिन आधी हबमध्ये फिरवून ठेवली की चाक तिच्यावर टांगता येतं. लॉक बोल्टची चावी कुठे आहे ते आजच पाहावं. बोल्ट चाक जमिनीवर असतानाच ढिले करायचे, जॅक नंतर. डिकीत खाच नसेल तर स्टेपनी पट्ट्याने घट्ट बांधावी, कारण जोरात ब्रेक लागला तर मोकळं चाक पुढच्या सीटवर येतं. तिच्यातली हवा महिन्यातून एकदा, टायर थंड असताना बघावी. ऐन वेळी स्टेपनीच बसलेली निघणं म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणं. ट्रेड 1.6 मिलिमीटरवर येण्याआधी टायर काढावा, आणि साइडवॉलवरचे तारखेचे चार आकडे वाचायला शिकावं: 3422 म्हणजे 2022 चा चौतिसावा आठवडा.

याला अपवाद आहे. ज्यांना वयामुळे वा दुखण्यामुळे चाक उचलता येत नाही, जे एकटे आणि रात्रीचे वारंवार समृद्धीने वा कसारा घाटाने जातात, त्यांनी रनफ्लॅटच ठेवावेत. त्यांच्यासाठी थांबणं हे चालत राहण्यापेक्षा खरोखरच धोक्याचं आहे. मात्र त्यांनी त्याच मापाचा पाचवा टायर घरी आणून ठेवावा, तो चढवणारं मशीन नाशकात कुणाकडे आहे ते आधी विचारून घ्यावं, आणि राष्ट्रीय महामार्गावरच्या मदतीचा 1033 हा क्रमांक फोनमध्ये ठेवावा. बाकीच्यांनी चांगले ट्यूबलेस घालावेत, स्टेपनी बाळगावी आणि एका रविवारी घरासमोर, उजेडात, चाक एकदा काढून परत बसवून पाहावं. जे काम घरासमोर जमलं नाही, ते घाटात अंधारात जमेल अशी आशा कुठल्याही टायरच्या भरवशावर धरू नये.